जावयाची ओली पोती

माझा जावई महेश्वर फोन कानाला लावत नाही. हातभर लांब धरतो, शेपटीला धरून उंदीर बाहेर टाकायला निघाल्यासारखा, आणि लांबूनच त्याच्याशी ओरडून बोलतो. त्यामुळं पुण्याचा त्याचा साहेब त्याला काय काय बोलतो ते आमच्या अख्ख्या बोळाला ऐकू येतं. परवा साहेब म्हणाला, "महेश्वर, ही फाईल तू झोपेत केलीस काय?" तर समोरच्या ओट्यावर मेथी निवडणाऱ्या बाया माझ्याकडं बघून हसल्या. माझ्याकडं! जसं काय फाईल मी केली होती.

अधिक महिना लागला म्हणून लेक-जावयाला बोलावलं. रीतीप्रमाणं पाट मांडला, धोंडे खाऊ घातले, आहेर केला. म्हटलं चार दिवसांनी जातील. तर जावई म्हणाला, "आत्याबाई, माझं काम काय, लॅपटॉपवर कुठूनही होतं." मग ते कुठूनही म्हणजे माझ्याच घरातून व्हायला लागलं. महिना निम्मा सरला तरी जावई पाटावरच.

आता अधिक महिन्यातल्या जावयाला बोलायचं नसतं. तो त्या महिन्यात देवाच्या जागी. त्यात माझी लेक शिवलीला पहिल्याच दिवशी कानात सांगून गेली, "अव्वा, तुझी जीभ मला माहीत आहे. त्यांना वेडंवाकडं बोलू नकोस. त्यांची बहीण एक शब्द बोलली तर दोन वर्षं तिच्या दारात गेले नाहीत. उद्या हेच दार बंद झालं तर मी कुठं येऊ?" म्हणून मी दातावर दात ठेवला. मी गप्प बसते म्हणजे काय असतं, ते आमच्या बोळात कुणालाही विचारा. कुणी बघितलेलंच नाही.

तर ह्या देवाला भीती कशाची? लहरींची. फोनमधून लहरी निघतात आणि त्या डोक्यात शिरतात म्हणे. आल्या दिवशी त्यानं घरातले सगळे फोन गोळा केले आणि एकेकावर चांदणी, जाळी, शून्य, सात, जाळी असं काहीतरी दाबलं. दाबलं की फोन स्वतःच सांगतो, माझ्या लहरी माणसाच्या अंगात किती जातात ते. म्हणाला, "आत्याबाई, सरकारची मर्यादा आहे, किलोमागं एक पूर्णांक सहा." किलोमागं म्हटल्यावर मला जरा कळलं. जोंधळापण किलोमागंच असतो. शिवलीलाच्या फोनचा आकडा एकाच्या आसपास निघाला, त्याचा स्वतःचा त्याहून थोडा जास्त, आणि माझा बटणांचा फोन सगळ्यात कमी. मी म्हटलं, "म्हणजे सगळे मर्यादेतच आहेत की." तर म्हणाला, "मर्यादा सरकारची आहे, माझी नाही." बघा! सरकारपेक्षा हा मोठा.

त्या दिवसापासून घरातले फोन माझ्या भाकरीच्या पत्र्याच्या डब्यात. झाकण लावून. मला भाकरीच्या ऑर्डरी फोनवर येतात. डब्यातला फोन वाजतो कुठला? गिऱ्हाईक म्हणतंय, अव्वांनी धंदा सोडला काय की.

धंद्याचं सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी कडक भाकरी करते. सोलापुरात कडक भाकरी करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, पण माझी भाकरी मोडली की शेजारच्या खोलीतला माणूस वळून बघतो. जोंधळ्याचं पीठ, पातळ थापायची, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून भाजायची, मग उभी करून वाळवायची. पाण्याचा अंश राहता कामा नये. डब्यात घालून ठेवली तर महिना-महिना तशीच. बार्शीचा एक खानावळवाला माझ्याशिवाय कुणाची भाकरी घेत नाही. एसटीनं डबा जातो. होटगी रोडला एकीनं मशीन घेतलंय, तिच्या भाकरी छापील वाटतात, सगळ्या एका मापाच्या. ती त्या बार्शीवाल्याच्या मागं लागलेली आहे, पण त्यानं आजवर दाद दिली नव्हती. माझ्याबरोबर केसरबाई थापायला असते. हात माझ्याइतका नाही, पण जीभ माझ्यापेक्षा थोडीच कमी आहे.

एक दिवस जावई गच्चीवर दात घासायला गेला आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून पळत खाली आला. शेजारच्या चन्नप्पाच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर आहे, तो त्याला दिसला. टॉवर तिथं कितीतरी वर्षं आहे. मला त्याला वाळवणाची दोरी बांधायची होती, चन्नप्पानं नको म्हटलं, एवढंच माझं आणि टॉवरचं भांडण.

जावई तडक चन्नप्पाकडं गेला. मी मागून गेले, न जाणो देवाला कुणी ढकललं तर. चन्नप्पा ओसरीवर दाढी करत होता.

"काका, दुपारी बारा ते चार टॉवर बंद ठेवत जा," जावई म्हणाला.

चन्नप्पानं वस्तरा खाली घेतला. "माझ्याकडं काय बटण हाय व्हय त्याचं? फ्रिज हाय का त्यो?"

"मग तारा तरी काढा."

"अव्वा," चन्नप्पा माझ्याकडं वळला, अर्ध्या तोंडाला साबण, "जावई हाय म्हणून गप बसायलोय मी. दुसरा कोण असता तर ह्याच साबणानं त्याचं तोंड धुतलं असतं."

मी म्हटलं, "बसा गप. मी पण तेच करायलेय."

मग जावयानं मोबाईलवर शोधलं की पाणी लहरी पिऊन टाकतं आणि पत्रा लहरी परत पाठवतो. तेवढंच शोधलं आणि थांबला. जुने तेलाचे डबे कापून पत्रे खिडक्यांना ठोकले. त्यावर पोती टांगली. जोंधळ्याची माझी पोती! आणि ती दिवसातून तीनदा भिजवायची. दरवाजाला, खिडकीला, भाकरी वाळवायच्या खोलीच्या चारी भिंतींना. घर असं दिसायला लागलं की येणाऱ्याला वाटावं, हितं म्हशी धुतात.

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. चार-चार दिवस वाट बघतो आम्ही. पिंपातलं पाणी मी तांब्यानं मोजून देते आणि हा पोत्यांना अंघोळ घालतो. मी एकदा गोड आवाजात म्हटलं, "जावईबापू, पाणी संपलं हो." मनात म्हटलं, आता सुटले. तर त्यानं फोन डब्यातून काढला, हातभर लांब धरला आणि टँकर मागवला.

केसरबाई दारातच थबकली. "अव्वा, ह्ये घर हाय का रसवंती?"

"हळू बोल. जावई आहेत."

"जावई हायेत त्ये दिसतंयच. पर भाकरी कशा वाळायच्या?"

तेच मला पण कळत होतं. बाहेर सोलापूरचं ऊन, मे महिना, कुत्रं सावलीतून हलत नाही. आणि माझ्या खोलीत श्रावण. सकाळी भाजलेली भाकरी संध्याकाळी हातात घेतली तर वाकली. मोडली नाही, वाकली! पंचेचाळीस वर्षांत माझी भाकरी कधी वाकली नव्हती. मी तिच्याकडं बघत राहिले आणि ती माझ्याकडं, मान खाली घालून.

त्या दिवशीचा डबा मी पाठवायला नको होता. पण शिवलीला म्हणाली, एसटीत उन्हानं तापेल, वाळेल. नाही वाळली. दुसऱ्या दिवशी बार्शीहून फोन आला. आला तो डब्यातच आला. केसरबाईनं झाकण उघडलं म्हणून कळलं.

"अव्वा," खानावळवाला म्हणाला, "तुमच्या भाकरीची घडी घालून गिऱ्हाईकानं खिशात घातली हो. रुमालासारखी. लोक हसले. ह्या गुरुवारचा डबा असाच आला तर मला होटगी रोडचा विचार करावा लागंल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटून घेऊ नका! मी त्या दिवशी जेवले नाही. मशीनच्या भाकरीशी माझ्या हाताची बरोबरी करायला निघाले लोक, आणि ते पण कुणामुळं.

जावयाला हे कळलं. वाटलं, आता तरी पोती उतरतील. तर त्याचे डोळे चमकले. "आत्याबाई, मी सांगत होतो ना? मायक्रोवेव्हमध्ये पाव ठेवला की काय होतं? लिबलिबीत होतो. मायक्रोवेव्ह म्हणजे लहरीच. टॉवरच्या लहरी तुमच्या भाकरीत शिरल्या. पोती अजून वाढवायला पाहिजेत."

आणि वाढवली! आता छताला पण पोती. केसरबाईच्या डोक्यावर थेंब थेंब गळायला लागले. ती छत्री उघडून भाकरी थापायला बसली. छत्री एका हातात आणि थापणं दुसऱ्या हातानं, त्या भाकरीचा आकार कसा झाला ते मी लिहीत नाही.

"अव्वा, बोला की आता," ती म्हणाली.

मी शिवलीलाकडं बघितलं. लेकीनं हात जोडले. मी पुन्हा गप्प.

पण गप्प बसणं म्हणजे डोकं बंद करणं नव्हे. मी विचार केला, मी बोलायचं नाही ना, मग दुसरं कुणी बोलेल. मी जावयाला म्हटलं, "जावईबापू, तुमचं बरोबर आहे. टॉवरच्या लहरी मोजायला माणूस येतो म्हणे अर्ज केला की. बोलवा. कागदावर येऊ दे, मग बघू चन्नप्पा काय म्हणतो." जावई खूश. त्यानं अर्ज केला. आणि मोजायला बाई आली, मेहनाज नावाची. शिकलेली, चटपटीत, खांद्याला यंत्र, हातात ते उभं करायचं तीन पायांचं तिकाटणं. दारातली पोती बघून चपला काढायच्या का चढवून ठेवायच्या ह्या विचारात पडली.

"मावशी, नळ फुटलाय का?"

"नाही बाई, जावई आलेत," मी म्हटलं.

तिनं आधी चन्नप्पाच्या गच्चीवर मोजलं, मग आमच्या गच्चीवर, मग खाली. जावई पाठोपाठ. चन्नप्पा पण आला, ह्या वेळी पूर्ण दाढी करून. मेहनाज म्हणाली, "टॉवरसाठी ठरवलेली जी मर्यादा आहे, त्याच्या कितीतरी खाली आहे हे. गच्चीवर पण. मावशी, समजा ह्या रांजणाच्या काठापर्यंत मर्यादा असेल, तर तुमच्या घरात तळाला ओल आहे तेवढंच."

"ओल तर भरपूर हाय," केसरबाई छत्रीतून म्हणाली.

"आणि मर्यादा पण अशी ठरवलेली असते की त्रास जिथं सुरू होऊ शकतो त्याच्या पुष्कळ आधीच थांबायचं," मेहनाज म्हणाली.

हे मला पटलं. मी पण तिखट टाकताना तोंड भाजायच्या पुष्कळ आधी थांबते. जावयासाठी तर अजून आधी.

मग मेहनाज भाकरीच्या खोलीत आली. यंत्र एकदम टुकटुक करायला लागलं. जावई ओरडला, "बघा! बघा! भाकरीजवळच!" मेहनाजनं यंत्र भाकरीजवळ नेलं, टुकटुक कमी. जावयाजवळ नेलं, जास्त. त्याच्या खिशाजवळ नेलं तर यंत्रानं ताळतंत्रच सोडलं.

"सर, फोन आहे खिशात?"

"ऑफिसचा आहे," जावई म्हणाला. "तो डब्यात ठेवून कसा चालेल?"

आमचे डब्यात आणि ह्याचा दुसरा खिशात! मी शिवलीलाकडं बघितलं. तिनं पदराच्या टोकाकडं.

"सर, तुम्ही खिडक्यांना पत्रे मारलेत, ओली पोती लावलीत. सिग्नल आत येत नाही. मग फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त जोर लावावा लागतो. मधे आडोसा नसता तर तो हळू बोलला असता, आता ओरडतोय. तरी मर्यादेतच आहे, घाबरू नका. लांब धरून बोलता ते मात्र चांगलंच आहे, काळजी वाटणाऱ्यानं तसंच करावं. पण हे पत्रे काढा. घरात सगळ्यात जास्त आकडा टॉवरचा नाही, तुमच्या खिशाचा आहे."

चन्नप्पा इतका हसला की त्याला खाट धरावी लागली.

मी मनात म्हटलं, सुटले. मी एक शब्द बोलले नाही आणि काम झालं. पण मेहनाजची गाडी बोळातून वळली नाही तोवर जावई म्हणाला, "मीटर त्यांचंच, आकडे पण त्यांचेच. आणि भाकरीचं काय? त्यांच्या मीटरला भाकरी कळते का?"

गुरुवार परवावर आलेला. बार्शीचा डबा भरायचा होता. मी रात्रीतून उपाय ठरवला आणि सकाळी, अजून एकदा, शेवटचंच म्हणून, गोड आवाज काढला.

"जावईबापू, तुम्ही म्हणता टॉवरनं भाकरी सादळते. मग असं करू. एकाच पिठाच्या, एकाच तव्यावरच्या भाकरी. निम्म्या तुमच्या पोत्यांच्या खोलीत ठेवू, निम्म्या चन्नप्पाच्या गच्चीवर, थेट टॉवरच्या पायाशी. संध्याकाळी बघू कुठल्या वाकतात."

जावयाला ते फारच आवडलं. "म्हणजे प्रयोग! मी व्हिडिओ करतो. हा पुरावा मी सगळीकडं पाठवणार."

केसरबाईनं मला कोपऱ्यात ओढलं. "अव्वा, बार्शीचा माल हाय. निम्मा डबा हितं भिजणार, त्यो गेलाच. आन् गच्चीवरचा पण बिघडला तर? तुमी पण लहरीला भ्याला का काय?"

"मी लहरीला भ्याले नाही. उन्हावर विश्वास आहे माझा. निम्म्या डब्यासाठी अजून एकदा थापायचं, एवढंच. हात आहेत की."

चन्नप्पाकडं परवानगी मागायला मी स्वतः गेले. त्यानं गच्ची झाडून दिली, वर धोतर पसरून दिलं. म्हणाला, "टॉवरला दोरी बांधू नका म्हटलो होतो, भाकरी ठेवू नका म्हटलो नव्हतो." माणूस बरा आहे, दाढी केल्यावर.

भाकरी मांडल्या. टॉवरच्या चारी पायांभोवती, पानावर वाढल्यासारख्या. जावई डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून जिन्याच्या दारातून व्हिडिओ करत होता, वर यायला तयार नव्हता. दुपारभर ऊन असं होतं की गच्चीची फरशी कुणी तव्यासारखी तापवली असावी. बोळातल्या बाया आपापल्या गच्चीवरून बघत होत्या. कधी नव्हे ते सगळ्यांना माझ्या भाकरीची काळजी.

संध्याकाळी आधी आतल्या भाकरी काढल्या. एक उचलली तर दुसरी चिकटून आली. तिसरी मी जावयाच्या हातात दिली, त्यानं ती बोटाभोवती गुंडाळली, अंगठीसारखी. मग चन्नप्पाच्या गच्चीवर गेलो. मी सगळ्यात मधली, टॉवरच्या अगदी मुळाशी ठेवलेली भाकरी उचलली आणि दोन्ही हातांनी मोडली.

आवाज असा झाला की पलीकडच्या गच्चीवरचं पाखरू उडालं. केसरबाईनं टाळ्या वाजवल्या. शिवलीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून की भिऊन, तिलाच माहीत. बार्शीला आता सांगायला तोंड होतं.

जावई जिन्याच्या दारातच उभा होता, मी एक तुकडा त्याच्यापुढं धरला. म्हटलं, आता चूक कबूल करेल, मी मोठ्या मनानं बसा म्हणेन, चहा ठेवेन. जावयानं तुकडा हातात घेतला, तोंडात टाकला, कुडकुड चावला, विचार केला आणि म्हणाला, "आलं लक्षात, आत्याबाई! लहरींनी भाकरीतलं पाणी उडवून टाकलं. मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजतात ना, तसं. म्हणजे भाकरी एवढी चांगली झाली ती टॉवरमुळंच!"

केसरबाईनं तोंडावर हात ठेवला. शिवलीला "अव्वा, नको..." म्हणाली, पण ते मला लांबून कुठून तरी ऐकू आलं. घरात श्रावण आणला, गप्प बसले. घरभर पत्रे ठोकले, गप्प बसले. पण माझ्या हाताचं नाव टॉवरला?

मी पदर खोचला. अधिक महिना कुठल्या कुठं गेला. सगळ्या गच्च्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं:

"महेश्वर, ऐक. भाकरी बिघडली ती टॉवरनं आणि चांगली झाली ती पण टॉवरनं, मग मी पंचेचाळीस वर्षं काय टॉवरची मोलकरीण होते व्हय? त्या पोरीनं सांगितलं, टॉवरला मर्यादा आहे, फोनला मर्यादा आहे. तुझ्या डोक्याला कुणी घातली नव्हती, ती आज मी घालते. जावई म्हणून ये, पाटावर बस, पोटभर जेव, लेकीला घेऊन महिनाभर राहा, माझं दार तुला उघडं आहे आणि रुसून गेलास तरी उघडंच राहील. पण भाकरीच्या खोलीत तुझं पाऊल पडता कामा नये, आणि भाकरीवर तुझं मत तर नाहीच नाही. आता खाली जा, सगळी पोती उतरव, एकेक पिळून चन्नप्पाच्या ह्याच गच्चीवर वाळत घाल, आणि ती वाळली की सांग सगळ्या बोळाला, टॉवरनं वाळली का उन्हानं!"